खाडीपासून द्राक्षबागेपर्यंत

नायगावच्या सायकलस्वाराला दिशा निवडायला फारसा वाव नाही. दक्षिणेला वसईची खाडी आडवी पसरली आहे आणि पाणजू बेटावरून जाणारा पूल आगगाडीचा आहे. पश्चिमेला थोड्याच वेळात समुद्र लागतो. पूर्वेला मिठागरे आणि जूचंद्र मागे टाकले की राष्ट्रीय महामार्ग ४८, आणि त्याच्या पलीकडे कामण-तुंगारेश्वरचे डोंगर. त्यामुळे इथली बरीच मंडळी सकाळी वसईच्या किल्ल्यापर्यंत एक फेरी मारतात आणि लोकलच्या वेळेआधी घरी परततात. या पुस्तिकेतले मार्ग त्याच फेरीपासून सुरू होतात. पुढे ते वैतरणेच्या खोऱ्यातून वर चढत जातात, घाट ओलांडतात आणि नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागांमधल्या चढउतारांच्या रस्त्यांवर संपतात.

या सगळ्या मार्गांमागे एकच विचार आहे, तो सुरुवातीलाच सांगतो. बागायती मुलखातला रस्ता सायकलला सुखाचा वाटतो. सावली असते, पाणी मिळते, वाहने कमी असतात, वळणावळणाला काही पाहण्यासारखे असते. हे सारे आपोआप झालेले नसते. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी पिढ्यान् पिढ्या राबत आलेले असते. बागाईतदार टिकला तर बाग टिकते, आणि बाग टिकली तरच असा रस्ता उरतो. नायगाव-वसईच्या माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्याने आपल्या डोळ्यांदेखत वाड्या जाऊन इमारती आलेल्या पाहिल्या आहेत. म्हणूनच द्राक्षांच्या मुलखात सायकल चालवताना त्याची नजर इतर पर्यटकांपेक्षा वेगळी असावी, असे मला मनापासून वाटते.

द्राक्षमळ्यांतून सायकलने हिंडण्याची कल्पना युरोपात रुजली. जर्मनीने आपला अधिकृत ‘वाइन मार्ग’ १९३५ साली आखला, फ्रान्समधल्या अल्सास प्रांताने १९५३ साली. ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीचे टप्पे कित्येकदा द्राक्षमळ्यांमधून जातात. तिथले हे रस्ते मुळात सायकलसाठी बांधलेले नव्हते. गावातून मळ्यात आणि मळ्यातून गावात माल नेण्यासाठी ते झाले. द्राक्षवेलीला पाण्याचा निचरा होणारी उताराची जमीन मानवते, म्हणून रस्तेही त्या उतारांच्या अंगाने चढत-उतरत गेले. आपल्या नाशिक, दिंडोरी, निफाड भागातले शिवाररस्ते, कालव्याकडेचे रस्ते आणि गावांना जोडणारे डांबरी रस्ते याच प्रकारचे आहेत. त्यांवर दिशादर्शक पाट्या नाहीत, सायकलसाठी वेगळी पट्टी नाही. पण चढ-उतार, बागा, धरणांचे पाणी आणि क्षितिजावर सह्याद्रीची रांग, यात कशाचीच कमतरता नाही.

पहिला भाग वसईच्या वाड्यांचा आहे. नायगावहून उमेळे, पापडी, वसई गाव आणि किल्ला, तिथून गिरिज, भुईगाव, निर्मळ, आगाशी आणि अर्नाळा. हा सपाट मार्ग नव्या सायकलस्वाराला सराव म्हणून उत्तम, जाणत्याला थांबत थांबत पाहायला उत्तम. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. किल्ल्याच्या तटापाशी हा इतिहास आठवणारच. मात्र किल्ल्याच्या उत्तरेला जे आहे ते तितकेच मोलाचे आहे: केळीच्या बागा, पानवेलींचे मळे, मोगऱ्याची आणि चाफ्याची फुलझाडे, भाजीचे वाफे. वाडवळ, सामवेदी, आगरी आणि कोळी समाजांनी हा पट्टा घडवला. वाड्यांना पाणी देण्यासाठी खणलेली गोड्या पाण्याची बावखले अजून काही ठिकाणी शिल्लक आहेत. पावसाचे पाणी तिथे साठते, जमिनीत मुरते आणि खारे पाणी आत येऊ देत नाही. इथली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की सुकेळी होते. साखरेचा कण न घालता गोड लागणारी ही सुकेळी सायकलस्वाराच्या खिशात ठेवायला कुठल्याही कारखान्यातल्या वडीपेक्षा सरस आहे.

हा पट्टा वाचावा म्हणून इथल्या लोकांनी लढा दिला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने टँकरने होणाऱ्या पाणीउपशाविरुद्ध आणि बेबंद बांधकामांविरुद्ध आवाज उठवला. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारा हा लेखक वसईकरांच्या मनात आधी या लढ्यामुळे बसलेला आहे. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका झाली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. या काळात आगाशी-निर्मळच्या रस्त्यांवरून नियमित सायकल चालवणाऱ्याला बदलाची गती मोजायला आकडेवारी लागत नाही. कुठली वाडी कुंपणात गेली, कुठले बावखल भरावाखाली गेले, हे त्याला ठाऊक असते.

अर्नाळ्याचा जलदुर्ग वैतरणेच्या मुखाशी उभा आहे. पुस्तिकेचा दुसरा भाग याच नदीच्या उगमाकडे नेतो. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावते आणि पश्चिमेकडे वाहत आपल्या दारात समुद्राला मिळते. त्याच डोंगरांतल्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन १,४६५ किलोमीटरनंतर बंगालच्या उपसागराला मिळते. वसईहून नाशिकच्या द्राक्षबागांकडे सायकलने जाणे म्हणजे वैतरणेच्या साथीने चढणे आणि गोदावरीच्या साथीने उतरणे. नकाशावर हे एका नजरेत कळते. पायांना कळायला दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस द्यावेत अशी माझी शिफारस आहे.

भिवंडी, शहापूर आणि कसारा घाटातून जाणारा नाशिक महामार्ग अंतराने जवळचा आहे. तरी तो या पुस्तिकेत मुख्य मार्ग म्हणून घेतलेला नाही. कामण-भिवंडी रस्त्यावर गोदामांच्या मालगाड्यांची रांग असते आणि महामार्गावर सायकलस्वाराला स्वतःची जागा उरत नाही. त्याऐवजी विरार फाट्यापासून शिरसाड फाट्यापर्यंत महामार्गाचा जेवढा तुकडा अटळ आहे तेवढा पहाटे उरकावा आणि पूर्वेला वळावे. पारोळ, वज्रेश्वरी, अंबाडी, वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक असा हा मार्ग आहे. वज्रेश्वरीचे देऊळ वसईच्या विजयासाठी बोललेल्या नवसाचे, चिमाजी आप्पांच्या नावाशी जोडलेले. शेजारी अकलोली आणि गणेशपुरीला तानसेच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. वाडा तालुक्यात भातखाचरे सुरू होतात. इथल्या वाडा कोलम तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पुढे चढ लागतो. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा इथलाच. पहिल्या रात्रीचा मुक्काम इथे करणे शहाणपणाचे.

जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर. त्यातला मोखाड्यानंतरचा तोरंगण घाटाचा टप्पा या संपूर्ण प्रवासातला सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत देखणा. दुकाने विरळ, मोबाइलची रेंज बेभरवशाची, त्यामुळे पाणी आणि खाणे जव्हारलाच भरून घ्यावे. या रस्त्यावर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जव्हार, मोखाडा, पेठ, सुरगाणा या भागातली आदिवासी कुटुंबे भाताचा हंगाम संपला की कामासाठी बाहेर पडतात. कुणी वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, कुणी नाशिककडच्या द्राक्षबागांत छाटणीला, विरळणीला, खुडणीला. जीपमध्ये दाटीवाटीने बसून ही माणसे ज्या रस्त्याने जातात, तोच रस्ता आपण हौसेने चढतो. द्राक्षाचा घड त्यांच्या हातांखालून जातो, हे बाग पाहण्याआधी माहीत असलेले बरे.

त्र्यंबक ओलांडले की उतार लागतो आणि हळूहळू मुलूख बदलतो. सह्याद्रीच्या माथ्यावर इगतपुरीला वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या निफाडकडे तो सहाशे मिलिमीटरच्याही खाली येतो. त्र्यंबक-इगतपुरीकडे भात, अंजनेरीच्या पुढे भाजीपाला, आणि गोदावरीच्या खोऱ्यात उतरल्यावर द्राक्ष. भूगोलाच्या धड्यातला पर्जन्यछायेचा प्रदेश सायकलवरून पिकांच्या रांगेतून उलगडत जातो. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरची उंची, कोरडी हवा, हिवाळ्यातल्या थंड रात्री आणि धरणांचे पाणी यांमुळे द्राक्ष इथे पिकले. वसईच्या दमट हवेत त्याला डावणी आणि भुरी या रोगांनी जगू दिले नसते. प्रत्येक मुलखाला त्याचे पीक असते, आणि ते पीक समजले की मुलूख समजतो.

नाशिकची बहुतेक द्राक्षे खाण्यासाठी पिकवली जातात. थॉमसन, सोनाका, शरद ही नावे बाजारात ऐकू येतात ती याच बागांतली. वाइनच्या बागा त्यामानाने कमी आहेत, पण जगाच्या नकाशावर नाशिकचे नाव त्यांनी नेले. राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणले. पुढे विंचूरला वाइन पार्क झाले, ‘नाशिक व्हॅली वाइन’ला आणि नाशिकच्या द्राक्षांनाही भौगोलिक मानांकन मिळाले. सायकलवरून दोन्ही प्रकारच्या बागा लगेच ओळखता येतात. खाण्याच्या द्राक्षाचा मांडव डोक्याच्या उंचीवर पसरलेला असतो, किंवा वेल इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या लोखंडी अँगलवर चढवलेला असतो, आणि घड खाली लोंबतात. वाइनच्या द्राक्षांचे वेल तारांवर कुंपणासारखे उभे, सरळ ओळीत वाढवलेले असतात, म्हणून तिथे नजर ओळीच्या टोकापर्यंत जाते.

बागेचे वर्ष ठाऊक असेल तर एकाच रस्त्यावर प्रत्येक महिन्यात वेगळे काही दिसते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. वेल बोडके होतात, उन्हाचा ताप वाढतो, तेव्हा सायकलसाठी पहाटेचेच तास उरतात. पावसाळ्यात पाने दाट होतात, काडी तयार होते, पण घाटरस्ते निसरडे असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी बहाराची छाटणी होते आणि बागेतली खरी धावपळ सुरू होते. डोळे फुगतात, पोंगे फुटतात, फुलोरा येतो. मण्यांची विरळणी होते, निर्यातीच्या घडांना कागद गुंडाळले जातात. मण्यात पाणी उतरले की रंग आणि गोडी येऊ लागते, आणि जानेवारीपासून खुडणी सुरू होते ती मार्च-एप्रिलपर्यंत चालते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा सायकलस्वारासाठी सर्वांत चांगला काळ आहे. बागाईतदारासाठी मात्र तोच सर्वांत काळजीचा. ऐन फुलोऱ्यात ढगाळ हवा आली, अवकाळी पाऊस झाला, गारपीट झाली तर वर्षभराची मेहनत एका रात्रीत जाते. मार्च २०१४ च्या गारपिटीने महाराष्ट्रातल्या बागांची जी दशा केली ती शेतकरी अजून विसरलेले नाहीत. २०१० साली तर युरोपात पाठवलेली द्राक्षे एका वाढनियंत्रक रसायनाच्या अंशामुळे नाकारली गेली आणि अनेक बागाईतदार कर्जात गेले.

नाशिकला पोहोचल्यावरच्या मार्गांची विभागणी चार दिशांनी केली आहे. पश्चिमेला गंगापूर धरण, सावरगाव, गंगाव्हरे आणि गिरणारे. धरणाच्या पाण्याकडेने जाणारा हा छोटा, हलक्या चढांचा मार्ग पहिल्या दिवसासाठी योग्य. उत्तरेला रामशेज किल्ल्याच्या पायथ्यावरून दिंडोरी आणि वणी. चढ लांब पण सौम्य, आणि समोर सप्तशृंगीचा डोंगर. याच तालुक्यात मोहाडीला ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांनी उभी केलेली उत्पादक कंपनी आहे. छोट्या बागाईतदाराने एकत्र येऊन निर्यात कशी करावी याचा तो धडा आहे. पूर्वेला ओझर, पिंपळगाव बसवंत, निफाड आणि विंचूर. इथे रस्ता सपाट होतो, द्राक्षांच्या जोडीला लासलगावचा कांदा दिसू लागतो, आणि शेवटी नांदूरमध्यमेश्वरचे पाणपक्षी भेटतात. हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, २०२० साली जाहीर झालेले. नैर्ऋत्येला घोटी, कावनई, वैतरणा धरण. भातखाचरे आणि द्राक्षबागा शेजारी शेजारी पाहायच्या तर हा मार्ग घ्यावा.

नाशिक शहरातच गोदाकाठी नारोशंकराचे देऊळ आहे. तिथली मोठी घंटा पोर्तुगिजांकडून वसईच्या विजयात मिळाली असे परंपरा सांगते, आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. वसईहून निघालेल्या सायकलस्वाराने ती पाहूनच पुढे जावे. आपल्या आधी वसईचे काय काय या घाटांवरून नाशिकला पोहोचले आहे, याची तिथे खूण पटते.

नाशिकने सायकलला जे दिले त्याचाही इथे उल्लेख हवा. डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या नाशिककर भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. त्यानंतर २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. नाशिकहून पंढरपूरला जाणारी सायकलवारी आता अनेकांच्या आषाढाचा भाग झाली आहे. लांब पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ फेऱ्यांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास आणि ६०० किलोमीटरसाठी ४० तास मिळतात. ज्यांना ती शिस्त आवडते त्यांना इथले चढ तयारीसाठी पुरेसे आहेत. पण ही पुस्तिका वेळ मोजणाऱ्यांसाठी लिहिलेली नाही. अंतर कापणारा आणि मुलूख पाहणारा असे दोघे एकाच माणसात राहू शकतात. इथे दुसऱ्याकडे अधिक लक्ष दिले आहे.

काही पथ्ये कळकळीने सांगतो. परवानगीशिवाय कुणाच्याही बागेत शिरू नये. टायरच्या मातीतून, हातांतून रोग पसरू शकतो, आणि निर्यातीच्या बागेत प्रत्येक फवारणीची नोंद ठेवलेली असते. ट्रॅक्टरवरचा ब्लोअर फवारणी करत असेल तर वारा जिकडून येतो त्या बाजूला थांबावे आणि धुके बसल्यावर पुढे जावे. खुडणीच्या दिवसांत क्रेट भरलेल्या गाड्यांना आधी वाट द्यावी. माल वेळेत पॅकहाउसला पोहोचणे हा कुणाच्या तरी पोटाचा प्रश्न असतो. घड तोडू नये, विकत घ्यावा, आणि बांधावर विकणाऱ्याशी घासाघीस करू नये. वाइनरीत चव घ्यायची असेल तर त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू नये. हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि दोन जादा ट्यूब यांशिवाय घाटात जाऊ नये. मुंबईहून येणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली भाईंदर-वसई रो-रो बोट खाडी ओलांडायला सोयीची आहे. तिथून किल्ल्यापासूनच सुरुवात करता येते.

पालघर जिल्ह्यातल्याच उत्तरेच्या टोकाला घोलवड-बोर्डीचा चिकूबागांचा पट्टा आहे. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, आणि बोर्डीत चिकूपासून वाइनही बनते. नाशिकपर्यंत जाणे जमले नाही तर तिथे जावे. तेही जमले नाही तर निर्मळ-आगाशीच्या वाड्या घराजवळच आहेत. ज्याने वसईची केळीची वाडी नीट पाहिली त्याला नाशिकची द्राक्षबाग लवकर समजते.

वाचकांना एकच विनंती आहे. या रस्त्यांवरून जाताना बागाईतदाराशी दोन शब्द बोला, त्याच्या पिकाचा भाव विचारा, त्याचा माल त्याच्याकडून घ्या. घरी परतल्यावर आपल्या गावच्या वाड्या, बावखले आणि मिठागरे यांच्याबाबत काही निर्णय होत असेल तर गप्प बसू नका. ग्रामसभेत, वॉर्डात, महानगरपालिकेच्या हरकती-सूचनांच्या मुदतीत आपले म्हणणे लेखी नोंदवा. सायकलस्वाराने पाहिलेला मुलूख त्याच्यावर एक जबाबदारी टाकतो, आणि ती पार पाडणारे वाचक या पुस्तिकेला मिळाले तर तिचे काम झाले असे मी समजेन.